पोटात पाणी झाल्यावर

वऱ्हाडात ‘ट्रान्सप्लांट’ म्हटलं की आधी किडनी आठवते. त्याला कारण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली खाऱ्या विहिरींची पट्टी, किडनीच्या रुग्णांमुळे वर्षानुवर्षं बातम्यांत आहे. दर्यापूर-बाळापूरकडच्या खेड्यांत डायलिसिस म्हणजे काय हे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही सांगावं लागत नाही. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, लोकांच्या बोलण्यात ‘सुपर’मध्ये, सरकारी खर्चाने किडनी बसवून लोक घरी गेले आहेत. लिव्हरची गोष्ट मात्र तीन वाक्यांत आटोपते. ‘लिव्हरवर सूज आहे.’ मग ‘लिव्हर खराब झालं.’ आणि शेवटी, आवाज खाली आणून, ‘पोटात पानी झालं.’ पाणी झालं की पुढचं कोणी विचारत नाही आणि बरेचदा कोणी सांगतही नाही.

खरं तर विचारायची वेळ तीच असते. किडनी बंद पडलेला माणूस आठवड्याला दोन-तीनदा यंत्रावर जाऊन वर्षानुवर्षं थांबू शकतो. यकृताला असं थांबायला जागा नाही. रक्त गाळून चार दिवस ढकलणारी यंत्रं आहेत, पण महिनोन्महिने यकृताचं काम करणारं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही. त्यामुळे यकृत खराब झालेल्या रुग्णाला प्रत्यारोपणाची संधी किती, या प्रश्नाचं निम्मं उत्तर शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी, त्याची फाइल नागपूर-मुंबईला कधी पोचली यावर ठरून गेलेलं असतं.

यकृत हा सोशीक अवयव आहे. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सीचा विषाणू, साखर आणि वजनामुळे साठलेली चरबी, क्वचित शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती, यांपैकी काहीही वर्षानुवर्षं त्याला जखमा करत राहतं आणि प्रत्येक जखमेच्या जागी वण उरतो. वणांचं जाळं इतकं दाट होतं की आतड्यांकडून येणारं रक्त यकृतातून नीट वाहू शकत नाही. ही सिऱ्हॉसिसची अवस्था. गंमत अशी, की एवढं होऊनही माणूस शेतात जातो, लग्नात जेवतो, त्याला काही होत नाही. डॉक्टर याला भरपाईची अवस्था म्हणतात. मग एखाद्या दिवशी पोट फुगतं, किंवा रक्ताची उलटी होते, किंवा डोळे पिवळे होतात, किंवा माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. यांतलं एक जरी झालं तरी भरपाई संपली. जेन्नारो दामिको या इटालियन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून जो हिशेब मांडला तो आजही सांगितला जातो: भरपाई टिकून असलेल्यांपैकी निम्मे बारा वर्षांहून जास्त जगतात, ती संपलेल्यांपैकी निम्म्यांना दोन वर्षंच मिळतात.

बारा आणि दोन. पोटात पाणी होण्याचा अर्थ एवढा मोठा आहे.

आणि नेमका इथेच वऱ्हाडातला रुग्ण अडकतो, कारण पाणी काढता येतं. अकोल्या-अमरावतीच्या कुठल्याही वॉर्डात हे दृश्य दिसतं. रुग्ण डाव्या बाजूला थोडा कलून पडलेला, हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट मात्र नगाऱ्यासारखं. डॉक्टर ओटीपोटाच्या डाव्या बाजूला बोटाने ठोकून आवाजावरून पाण्याची जागा बघतात, भूल देऊन सुई आत घालतात, आणि नळीतून गवती पिवळ्या रंगाचं पाणी खालच्या बाटलीत उतरू लागतं. तास-दोन तासांत पाच-सहा लिटर निघतं. श्वास मोकळा होतो, माणूस उठून बसतो, चहा मागतो. घरच्यांना वाटतं, पडला फरक! पाच लिटरहून जास्त पाणी काढलं तर काढलेल्या दर लिटरमागे सुमारे आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं, नाहीतर किडनीवर ताण येतो. अल्ब्युमिनची एकेक बाटली काही हजारांची, म्हणून पुष्कळदा हाच खर्च टाळला जातो. पंधरा दिवसांनी पोट पुन्हा फुगतं, पुन्हा सुई. अशा फेऱ्यांत अर्धं वर्ष जातं आणि त्या अर्ध्या वर्षात ‘प्रत्यारोपणासाठी एकदा दाखवून या’ हे वाक्य एकदाही निघत नाही.

पथ्याचंही तसंच. जलोदराच्या, म्हणजे पोटात पाणी झालेल्या, रुग्णाने दिवसाला सगळं मिळून पाचेक ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ खावं, असं सांगतात. ज्या घरात भाकरीबरोबर ठेचा, लोणचं आणि पापड नसला तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, तिथे हे पाळणं सोपं नाही. त्यात खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणीच खारं. भाजीतलं मीठ तोडलं आणि पाणी तेच प्यायलं, तर हिशेब कुठे जुळणार? पिण्याचं पाणी कुठलं, हा प्रश्न या भागातल्या डॉक्टरांनी पथ्याच्या कागदावर वरच लिहायला हवा.

भ्रमाची कथा तर वेगळीच. यकृताने न गाळलेला अमोनिया आणि इतर द्रव्यं मेंदूपर्यंत जातात. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, पैसे मोजताना चुकतो, कधी कपडे काढून अंगणात उभा राहतो. एसटी थांबवायला हात करतात तसे दोन्ही तळहात समोर उभे धरायला सांगितले, तर ते थांबून थांबून फडफडतात. एवढ्या चाचणीवरून अंदाज येतो आणि पोट साफ ठेवणाऱ्या लॅक्टुलोजच्या गोड औषधाने बहुतेकांचा भ्रम उतरतो. पण घरात ‘बाहेरचं’ झाल्याचा संशय आधी येतो आणि दोन-चार दिवस तिकडे जातात. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाणारे तर शिकलेलेही असतात. तळहातावर चुना चोळून पिवळं पाणी काढून दाखवणं हा हातचलाखीचा जुना खेळ आहे. तो पैसे आणि दिवस खातो. काढे आणि मुळ्या त्याहून वाईट, कारण त्या थेट यकृतातून जातात. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली, तेव्हा मुंबईच्या डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्यात आधीपासून यकृताचा छुपा आजार असलेलेही होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद चालू राहिला. पण ज्याच्या यकृतावर आधीच वण आहेत, त्याने या वादात प्रयोगाचा प्राणी होण्याचं कारण नाही.

प्रत्यारोपणाच्या जगात रुग्णाची ओळख एका आकड्याने होते. त्याचं नाव मेल्ड. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये भारतीय वंशाचे डॉ. पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी तो घडवला आणि २००२ पासून तिथली यकृतं वाटायला तो वापरात आला. त्याआधी डॉक्टर पोटातलं पाणी ‘थोडं’ की ‘बरंच’ यावर गुण देत. मेल्डमध्ये मताला जागा नाही. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन, या तीन साध्या रक्तचाचण्यांतून सहा ते चाळीस यांच्या दरम्यान एक आकडा निघतो. पुढे त्यात सोडियमची भर पडली. या तिन्ही चाचण्या अकोल्यात होतात, अचलपूरला होतात. मग कुणीही कागदावर गणित करून बघावं. बिलिरुबिन ४, आयएनआर १.८ आणि क्रिएटिनिन १.० असलेल्या माणसाचा मूळ सूत्राने मेल्ड १८ येतो. हाच माणूस कंबर दुखते म्हणून गावातल्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन चार दिवस घेऊन आला, त्यात जुलाब झाले आणि लघवीच्या गोळ्याही चालूच राहिल्या, की किडनीवर ताण येऊन क्रिएटिनिन अडीचवर जाऊ शकतं. बाकी दोन आकडे तेच राहिले तरी मेल्ड २७.

अमेरिकेतल्या प्रतीक्षायादीवरच्या रुग्णांत दहा ते एकोणीस मेल्ड असलेल्यांपैकी तीन महिन्यांत सुमारे सहा टक्के दगावले. वीस ते एकोणतीसमध्ये सुमारे वीस टक्के. तिशीच्या पुढे निम्म्याहून जास्त. पंधराच्या खाली शस्त्रक्रियेचा धोका साधारणपणे आजाराच्या धोक्याहून मोठा असतो, पंधराच्या वर पारडं फिरतं. म्हणून मेल्ड पंधरा झाला, किंवा पाणी, रक्ताची उलटी, भ्रम यांतलं काहीही पहिल्यांदा झालं, की प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवा, असं डॉक्टरांसाठीचं मार्गदर्शन आहे. लगेच शस्त्रक्रिया होईल म्हणून पाठवायचं नसतं. हृदय, फुप्फुसं, दात, रक्तगट, घरात कोण देऊ शकेल, या सगळ्या तपासण्यांना आठवडे लागतात, आणि ते आठवडे रुग्ण चालता-बोलता असताना काढावे लागतात.

उशीर काय करतो हे महाराष्ट्राने २०१२ मध्ये पाहिलं. माजी मुख्यमंत्री आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री विलासराव देशमुख यांना सिऱ्हॉसिस होता. ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईच्या ब्रीच कँडीतून विमानाने त्यांना चेन्नईच्या ग्लोबल रुग्णालयात नेलं तोवर यकृताबरोबर किडन्यांनीही काम सोडलं होतं. शस्त्रक्रियेची तयारी झाली, मेंदूमृत दाताही सापडल्याचं वृत्त आलं. पण प्रत्यारोपण होण्याआधीच त्या दात्याचं हृदय थांबलं. १४ ऑगस्टला, वयाच्या ६७व्या वर्षी विलासराव गेले. विमान होतं, डॉक्टर होते, पैसा होता, ओळख होती. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे असलीच तर सहा महिने आधी निघण्याची सोय असते.

जाणार कुठे, याचं उत्तर अलीकडे जवळ आलं आहे. मनुष्यातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरला केलं. ते मूल टेबलावरच गेलं. भारतात यश यायला १९९८ उजाडलं: दिल्लीच्या अपोलोमध्ये कांचीपुरमच्या दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला, आणि ते मूल पुढे स्वतः डॉक्टर झालं. विदर्भातला रुग्ण मात्र त्यानंतरही वीसेक वर्षं मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नईच्या गाड्या पकडत राहिला. २०१८ मध्ये नागपूरच्या न्यू एरा रुग्णालयात यकृत प्रत्यारोपण सुरू झालं, आणि अमरावतीहून दीडशे, अकोल्याहून अडीचशे किलोमीटरवर ही सोय आली.

मेंदूमृत दात्याचं यकृत विदर्भात नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रातर्फे, म्हणजे ‘झेडटीसीसी’तर्फे, यादीप्रमाणे दिलं जातं. १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा ज्या तीन राज्यांच्या ठरावांवरून संसदेने केला त्यांत महाराष्ट्र होता. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू ठरवतं आणि मग घरचे हो म्हणाले तरच पुढचं. बाहेर काढलेलं यकृत बर्फात साधारण बारा तास टिकतं, त्यातले जितके कमी लागतील तितके बरे. रस्त्याची अडचण आता फारशी उरलेली नाही. अमरावतीतलं लोणी ते अकोल्यातलं माना यांदरम्यान ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली आणि गावोगाव त्याचे फ्लेक्स लागले. अडचण आहे ती आयसीयूच्या दारात, नातेवाइकांशी ते बोलणं कोण आणि कसं करणार याची.

म्हणून भारतात यकृत बहुतेक वेळा घरातूनच येतं. २०२२ मध्ये देशात ३,७१८ यकृत प्रत्यारोपणं झाली. त्यांतली २,९५७ जिवंत दात्यांकडून. यकृत पुन्हा वाढतं हे त्यामागचं बळ. दात्याचा उजवा भाग, साठ-पासष्ट टक्के, काढला तरी उरलेला काही आठवड्यांत झपाट्याने वाढून पूर्ण आकाराच्या जवळ जातो. मात्र घेणाऱ्याच्या वजनाच्या सुमारे ०.८ टक्के यकृत त्याला मिळालं पाहिजे आणि देणाऱ्याकडे निदान तीस टक्के उरलं पाहिजे. घेणारा साठ किलोचा असेल तर त्याला अर्धा किलोच्या आसपास लागतं. धडधाकट दात्याचाही जीव जाऊ शकतो, उजव्या भागासाठी हा धोका जगभर दोनशेत एक एवढा सांगितला जातो. तो सांगायला डॉक्टर बांधील आहे आणि ऐकून दात्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे.

हा हक्क कोण बजावतं ते बघण्यासारखं आहे. नवरा आजारी असेल तर बायकोची तपासणी जवळपास गृहीत धरली जाते. बायको आजारी असेल तर कुटुंबाची बैठक बसते. भारतात जिवंत दात्यांत बायकांचं आणि घेणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण ठळकपणे जास्त आहे. कायद्याच्या ‘जवळच्या नात्यात’ आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं येतात. सून, जावई, मेहुणा, चुलतभाऊ यांना प्राधिकार समितीपुढे जाऊन हे दान प्रेमापोटीच आहे हे पटवावं लागतं. आणि रक्तगट जुळून, समिती हो म्हणूनही दाता नापास होऊ शकतो, कारण त्याच्याच यकृतात चरबी निघते. चाळिशीतला, पोट सुटलेला, ‘मले काहीच नाही’ म्हणणारा भाऊ सोनोग्राफीत अडकतो. दीड-दोन महिने चालून, वजन उतरवून काही जण पास होतात. हेही सवड असेल तरच.

दारूचा विषय निघाला की वऱ्हाडात दोन्ही बाजूंनी जोरात बोललं जातं. या मुलखाला तो अनुभव जुना आहे. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. दारूपायी घर बुडालं, ते अकाली गेले, आणि आई लहान डेबूला, म्हणजे बाबांना, घेऊन मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला माहेरी गेली. बाबांच्या कीर्तनात दारूवर कोरडे पडत ते उगाच नव्हते. पण ‘पिऊन खराब केलं, मग त्याला दुसरं कशाला?’ हा प्रश्न वैद्यकाला तेवढ्यावर सोडता येत नाही. बहुतेक केंद्रं सहा महिने दारू पूर्ण सोडल्याशिवाय नाव घेत नव्हती. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या केंद्रांनी दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेल्या, औषधाला दाद न देणाऱ्या निवडक २६ रुग्णांना न थांबता प्रत्यारोपण दिलं. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा सहा महिन्यांनी त्यांच्यातले ७७ टक्के जिवंत होते, तशाच पण प्रत्यारोपण न मिळालेल्यांपैकी २३ टक्के. तेव्हापासून नियम सैलावला. तरी त्या अटीचा एक फायदा विसरला जातो: दारू सुटली की काहींचं यकृत इतकं सावरतं, की पाणी थांबतं, मेल्ड उतरतो आणि नाव यादीतून काढावं लागतं.

विषाणूंबाबतही हेच. हिपॅटायटिस सी आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो आणि २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकार त्या फुकट देतं. हिपॅटायटिस बी सहसा मुळासकट जात नाही, पण रोजच्या एका गोळीने दबतो. अमिताभ बच्चन यांना ‘कुली’च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून तो आला, यकृताचा पाऊण भाग गेला आणि पंचवीस टक्क्यांवर आपण जगतोय असं ते स्वतः जाहीरपणे सांगतात. प्रत्यारोपण न होताच. सिऱ्हॉसिसमधला लहान कर्करोग हा याउलट प्रकार: एकच गाठ पाच सेंटिमीटरच्या आत, किंवा तीनपर्यंत गाठी तीन सेंटिमीटरच्या आत असतील, तर प्रत्यारोपणात गाठ आणि सिऱ्हॉसिस दोन्ही जातात. १९९६ची ही मिलानची मोजपट्टी अजून वापरात आहे. गाठ लहान असताना सापडायला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते आणि ती तर तालुक्यालाही होते.

पैशाचं काय? खासगी रुग्णालयात खर्च साधारण वीस ते तीस लाखांत जातो. तीन-चार एकर कोरडवाहू विकून उभा न राहणारा आकडा. राज्याच्या जनआरोग्य योजनेच्या पहिल्याच टप्प्यात, २०१२ मध्ये, अमरावती जिल्हा होता आणि किडनी तिच्यात बसत होती. यकृतासाठी लोकांना मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी, सिद्धिविनायक न्यास, टाटांचे न्यास असे अर्ज जोडत बसावं लागलं. प्रत्येक ठिकाणी रुग्णालयाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि रेशनकार्ड मागतात. तहसीलमधून दाखला मिळायलाही दिवस लागतात, तेव्हा ही कागदपत्रं तपासण्यांच्या बरोबरीने जमवायला घेतलेली बरी. मोठ्या केंद्रांत समाजसेवा विभाग असतो आणि पहिल्याच भेटीत त्याची खोली विचारून घ्यावी.

शस्त्रक्रिया पार पडली की चांगल्या केंद्रांत वर्षभराने शंभरातले ८५ ते ९० जण जिवंत असतात, पाच वर्षांनी सत्तरहून जास्त. त्यानंतर जन्मभर टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी: दर बारा तासांनी, घड्याळ लावून. रक्तातली त्याची पातळी मोजायला सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं असतं. गोळी घेऊन चाचणी वाया घालवणारे प्रत्येक केंद्राला ठाऊक आहेत. प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने पहिले काही महिने सोयाबीनच्या मळणीची धूळ, कुटाराचे ढीग आणि शेणखत यांपासून लांब राहायला सांगतात, कारण त्यात बुरशी असते. पपनस आणि त्याच्या जातीची मोठी लिंबूवर्गीय फळं वर्ज्य. ती टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. वरुड-मोर्शीकडचे रुग्ण यावर हमखास एकच प्रश्न विचारतात: मग संत्र्याचं काय? साध्या नागपुरी संत्र्याचं नाव त्या यादीत नाही. धुऊन, स्वतः सोलून खाल्लं तर चालतं.